नागपुरातलं जुनं घर नव्यानं करायचंय, आधी काय ठरवावं?

संत्र्याची_साल

नमस्कार मंडळी.

त्रिमूर्तीनगरात आमचं घर आहे, बाबांनी १९९१ साली बांधलेलं. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट, पश्चिमेला तोंड. खाली दिवाणखाना, दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर एक खोली आणि बाकी गच्ची. आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात. मी आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतो. बायको शाळेत शिक्षिका. मुलगी अकरावीत, वर नीटचा क्लास. धाकटा भाऊ हैदराबादला असतो, महालक्ष्म्यांना सहकुटुंब येतो.

दिवाळीनंतर काम काढायचं ठरतंय. इंटिरियरवाल्याने थ्रीडी चित्रं करून आणली. दिसायला झकास! स्वयंपाकघराची भिंत काढून मोकळं किचन, सगळीकडे फॉल्स सीलिंग, खिडक्यांना सरकत्या काचा, टीव्हीच्या मागे लाकडी पट्ट्या. चित्रात सोफ्यावर एक हसरं कुटुंब बसलंय. ते आमचं नाही एवढं नक्की.

बाबांनी चित्र बघून विचारलं, "कूलर कुठे बसणार?" आई म्हणाली, "मग फुलोरा कुठे टांगायचा?" मुलीला तिच्या खोलीला आतून कडी हवी. बायको काहीच बोलली नाही.

बजेट पंधरा-सोळा लाख. सुरुवात कुठून करावी? आधी काय ठरवलं म्हणजे बाकीचं आपोआप ठरत जातं?

तर्री_मारके

बायको काहीच बोलली नाही? मग सुरुवात तिथूनच करा भाऊ. फरशी नंतर.

गुण्या_ओळंबा

सिव्हिलचा माणूस आहे म्हणून सांगतो. चित्र बाजूला ठेवा, आधी घर कशावर उभं आहे ते बघा. १९९१ चं एवढं लहान घर म्हणजे लोड बेअरिंग असण्याची शक्यता बरीच. म्हणजे कॉलम नाहीत, स्लॅबचं वजन थेट नऊ इंची भिंतींवर. तुमची स्वयंपाकघराची भिंत नऊ इंची असेल आणि वरच्या खोलीची भिंत नेमकी तिच्या डोक्यावर असेल, तर ती "काढून टाकू" म्हणणाऱ्याला आधी विचारा की वरचं वजन कोण घेणार. काढता येते, पण खाली आधार देऊन, लोखंडी किंवा आरसीसी बीम टाकून, आणि त्याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनीअरने सही करून दिला पाहिजे. साडेचार इंची आड-भिंत असेल तर गोष्ट वेगळी, तरी बघून घ्या.

दुसरं म्हणजे परवानगी. फरशी, प्लास्टर, रंग, सुतारकाम याला लागत नाही. भार घेणाऱ्या भिंती हलवायच्या, खोली वाढवायची, गच्चीवर पक्कं काही चढवायचं तर लागते. तुमचा लेआउट मनपाकडे आहे की नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास), ते कागदावर बघा. नागपुरात अर्ध्या लोकांना आपण कोणाच्या हद्दीत आहोत हेच माहीत नसतं.

मुक्काम_कोथरूड

आम्ही फ्लॅटमध्ये मोकळं किचन केलंय, झकास आहे. स्वयंपाक करणारी व्यक्ती एकटी पडत नाही, गप्पा चालू राहतात. घाबरू नका, करून टाका. चांगली चिमणी लावली की झालं.

शेवंती

कोथरूडकर, तुमच्याकडे मे महिन्यात दिवाणखान्यात कूलर चालतो का हो? नाही ना? मग आमचं ऐका.

कूलरचा झोत मोकळ्या किचनपर्यंत पोचतो. गॅसची आच फडफडते, बारीक केलेली तर विझतेच. म्हणजे एक तर कूलर बंद करून सगळ्यांनी घामाघूम व्हायचं, नाहीतर स्वयंपाकवालीने शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्रे उभे करून पोळ्या करायच्या. माझ्या नणदेकडे असंच आहे. तिने हौसेने बीम टाकून भिंत काढली आणि आता उन्हाळ्यात तिथे जाड पडदा लावते! वरून ठेच्याची फोडणी दिली की सोफ्यावरचे पाहुणे खोकून खोकून निघून जातात. (कधीकधी तो फायदाही असतो म्हणा.)

गप्पाच मारायच्या तर भिंतीला ओट्याच्या उंचीवर एक मोठी खिडकी पाडा. ताटं तिथून बाहेर देता येतात, आच सुरक्षित राहते.

मुक्काम_कोथरूड

शेवंतीताई, शरण. कूलरचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पण आता २०२५ उलटून गेलं, तरी कूलरच? एसी लावा की.

जुनी_इतवारी

लावा म्हणायला काय जाते बाप्पा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश होते, आठवते ना कोणाला? २०२४ मध्ये तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवून टाकले होते! नंतर हवामान खात्याने सांगितलं की यंत्रच बिघडलं होतं. आम्ही म्हटलं, यंत्राचं काय चुकलं, आमचंही डोकं त्या दिवशी बिघडलंच होतं.

आता कामाचं. संत्र्याभाऊ, तुमच्या बाबांनी जो प्रश्न विचारला तो त्या इंटिरियरवाल्याने विचारायला पाहिजे होता. कूलर आणि एसी यांचं घर वेगळं असते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढून आत फेकतो. ती हवा समोरून बाहेर पडली तरच गार वाटते. समोरची खिडकी बंद ठेवली की अर्ध्या तासात अंगाला चिकचिक. एसीला मात्र उलट, जितकी खोली बंद तितकी बरी. म्हणून खोलीगणिक ठरवा, कुठे कूलर आणि कुठे एसी, आणि मग खिडक्यांची ऑर्डर द्या. तुमच्या त्या सरकत्या काचा अर्ध्याच उघडतात. कूलरच्या खिडकीला कब्ज्याची दारंच ठेवा, पूर्ण उघडतात, पावसाळ्यात कूलर काढला की बंदही होतात.

जुलैत कूलर काही कामाचा नाही, तेव्हा म्हाताऱ्यांच्या खोलीत एक एसी असू द्या.

एमसीबी_पडली

काकांना +१. आणि याच विषयावर, कारण दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते : कूलरचा शॉक. पत्र्याची बॉडी, पाणी, ओले पाय आणि जुनी वायरिंग. तुमच्या घराची वायरिंग १९९१ ची असेल तर ती पूर्ण काढा, सजावट नंतर.

१. अर्थिंग नवीन करून घ्या आणि मोजून घ्या. तिसरी पिन आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, अनेक घरांत ती पिन नुसती शोभेची असते.
२. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, करंट गळाला की ती वीज तोडते. एमसीबी तार वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. दोन्ही पाहिजेत.
३. कूलरचा पॉइंट खिडकीजवळ, जमिनीपासून उंच, पाणी शिंतोडणार नाही असा. नळाचा पॉइंटही तिथेच बाहेरून. बादलीने पाणी भरताना लोक चालू कूलरला हात लावतात, गडबड तिथेच होते.
४. एसीसाठी चार चौरस मिमीची वेगळी तार, गीझर-मिक्सरसाठी अडीच, दिवे-पंख्याला दीड. कमी सांगणारा स्वस्त पडतो.

आणि कृपया प्लास्टर होण्याआधी भिंतींचे फोटो काढून ठेवा, तारा कुठून गेल्या हे दिसतील असे. पुढे खिळा ठोकताना मला आठवाल.

वैनगंगाकाठ

आईंच्या गुडघ्यांबद्दल कोणीच काही बोललं नाही, म्हणून मी बोलते. माझ्या सासूबाईंचं मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर घाईघाईत आम्हाला न्हाणीघर बदलावं लागलं. तुम्हाला वेळ आहे, आत्ताच करून घ्या.

न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं करा. आत कोणी पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर पडलेल्या माणसाच्या अंगावरच दार अडकतं. आमच्या शेजारी कब्जे कापावे लागले होते. कडी अशी बसवा की बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल. दाराची रुंदी अडीच फुटांवर थांबवू नका, तीन करा. उद्या व्हीलचेअर किंवा वॉकर आला तर तो जायला हवा. उंबरठा नको, आतली फरशी थोडी उताराची ठेवली की पाणी बाहेर येत नाही. खरखरीत फरशी घ्या, दुकानात ओली करून त्यावर चपलेशिवाय उभं राहून बघा.

कमोड भिंतीवर बसणारा घेतला तर उंची आपल्या मनाने ठरवता येते. गुडघेदुखीला सतरा-अठरा इंच बरी पडते. पकडायचा दांडा मात्र टाइल चिकटवण्याआधी ठरवा, त्याच्यामागे विटांची भरीव भिंत पाहिजे. नुसत्या टाइलमध्ये खुंटी मारलेला दांडा म्हणजे भलताच भरवसा.

आईंना पायऱ्या चढायला लावू नका. त्यांची खोली, न्हाणी, देवघर सगळं खाली, शक्यतो एका रांगेत.

तर्री_मारके

वैनगंगाताई, मी विनोद करायला आलो होतो आणि घरी जाऊन न्हाणीचं दार बघून आलो. आत उघडते. उद्या सुताराला बोलावतो.

भिंगरी_बुटी

भाऊ हे सगळं कायले? प्लॉट त्रिमूर्तीनगरात आहे, बिल्डरला द्या, तीन मजले बांधेल, एक मजला तुम्हाला, वर पैसे. माझ्या ओळखीचा...

संत्र्याची_साल

भिंगरीभाऊ, बाबांना तीन मजल्यांबद्दल विचारायची हिंमत नाही. त्यांनी अंगणातला आवळा स्वतः लावलाय. विषय बंद.

ओळंबाभाऊ, मिस्त्रीला बोलावून बघितलं. कॉलम नाहीत, ती भिंत नऊ इंची, आणि वरच्या खोलीची भिंत बरोबर तिच्यावर. मोकळ्या किचनचं स्वप्न तिथेच गळून पडलं. शेवंतीताईंची खिडकी पाडणार.

फुलोऱ्याचा प्रश्न मात्र राहिलाच. आई म्हणते, फॉल्स सीलिंग केलं तर स्लॅबमधले हूक झाकले जातील.

शेवंती

आईंना माझा साष्टांग नमस्कार. तिने सगळ्यांत मुद्द्याचं विचारलं.

आमच्या महाल भागातल्या घरीही दोन्ही महालक्ष्म्या बसतात. अनुराधेला आणायच्या, ज्येष्ठेला जेवण, मुळाला निरोप. जेवणाच्या दिवशी घरात किती माणूस असतं ते मोजायचं नसतं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कथली. वर फुलोरा, करंज्या, वेणी-फणी, साटोऱ्या, दोऱ्यांना बांधून. पीठ-तुपाचं ते सगळं वजनाला कमी नसतं बरं का, जिप्समच्या पत्र्याला बांधलं तर महालक्ष्म्यांच्याच डोक्यावर पडेल! हूक स्लॅबमधलेच पाहिजेत.

मखर कुठे बसणार ती जागा आत्ताच ठरवा, आणि तिथे फॉल्स सीलिंग करू नका. त्या भिंतीला टीव्ही किंवा पट्ट्यापण नको. सोफा असा घ्या की तीन दिवस दोघांनी उचलून वरच्या खोलीत नेता येईल. तो एल आकाराचा अजस्र सोफा घ्याल तर दरवर्षी भांडण.

जुनी_इतवारी

फॉल्स सीलिंग खाली हवंच कशाला, वर खोली आहे ना? तापतो तो वरचा स्लॅब. दहा फुटांची खोली नऊची करायची, पंखा खाली आणायचा आणि मग गरम होऊन राहिलं म्हणायचं. वरच्या खोलीत करा वाटल्यास, त्याआधी गच्ची पांढरी करा. पांढऱ्या फुटक्या टाइलचा चायना मोझॅक बसवला तर सगळ्यांत बरं, पाणीही थांबते आणि ऊनही परत जाते. नाहीतर दर मार्चात चुन्यात फेविकॉल घालून हात मारा, आम्ही वर्षानुवर्षं तेच करून राहिलो.

आणि पश्चिमेचं तोंड आहे ना तुमचं? दुपारनंतरचं ऊन खालून, आडवं येते. छज्जा कितीही वाढवा, ते थांबत नाही. उभं काहीतरी पाहिजे : बांबूची चिक, जाळी, वेल. आवळा त्या बाजूलाच आहे का? असेल तर त्याला कोणी हात लावायचा नाही.

गुण्या_ओळंबा

काका बरोबर. एक जोडतो. पाण्याची टाकी उन्हात उघडी असेल आणि नळाची पाइप पश्चिमेच्या भिंतीतून आली असेल तर मे महिन्यात दुपारी नळाला चटका बसतो, अंघोळीला पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवावं लागतं. पाइप नवीन टाकतच आहात तर पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीतून घ्या. टाकीवर पत्र्याचं साधं छप्पर करा.

सुतारकाम करताना वाळवीचं बघा. आपल्याकडे जुन्या घरात ती असतेच असं धरून चाला. फरशी उकरली की जमिनीला औषध मारून घ्या, नंतर ते होत नाही. ओट्याखाली आणि न्हाणीजवळ पाणी सोसणारा आयएस ७१० चा प्लाय, कोरड्या कपाटांना ३०३ चालतो. शिक्का पानावर असतो, कापायच्या आधी स्वतः बघा.

वेळेबद्दल : दिवाळीनंतर लगेच सुरू केलं तरच होळीपर्यंत हाती येईल. होळीला बालाघाट-छत्तीसगडचे मिस्त्री आणि रेजा (मजूर बाया) गावी जातात, आणि जूनला धानाच्या लावणीला परत जातात. मधला मे महिना प्लास्टरवर पाणी मारून मारून जातो.

मुक्काम_कोथरूड

प्रश्न : काम चालू असताना राहणार कुठे? आमच्याकडे शेजारच्या इमारतीत फ्लॅट भाड्याने घेतला होता.

संत्र्याची_साल

तेच बघतोय. आधी वरची खोली आणि तिथे एक लहान न्हाणी पूर्ण करायची, मग आम्ही तिघं वर, आई-बाबा काही आठवडे मामाकडे सक्करदऱ्याला, आणि खालचं काम एकदम. मुलीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा वर ठोकठोक नको. म्हणून वरचं डिसेंबरात आटोपायचं.

बरं, मुख्य बातमी. काल रात्री बायको बोलली.

तिला मोकळं किचनही नको, लाकडी पट्ट्याही नकोत. तिला दोन गोष्टी हव्यात. एक, मागच्या अंगणात छप्पर टाकून भांडी घासायची मोरी, म्हणजे बाई आली की स्वयंपाकघर मोकळं राहील आणि ओला ओटा, ओली फरशी दिवसभर पायाखाली येणार नाही. दोन, उत्तरपत्रिका तपासायला स्वतःचं टेबल. आत्ता ती जेवणाच्या टेबलावर तपासते, मग आठ वाजता गठ्ठा उचलायचा, जेवण, परत गठ्ठा मांडायचा. मी रोज समोर बसून जेवतो आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं.

मी विचारलं, आधी का नाही बोललीस? म्हणाली, "तुम्ही सगळे चित्र बघत होता."

वैनगंगाकाठ

तिला टेबल द्या, आणि खिडकीशी द्या. ओट्याची उंचीही तिच्या मापाने घ्या बरं का. सुतार-गवंडी सगळ्यांना ठोकळ मापाने करतात. तिला उभं करून कोपर वाकवायला सांगा, त्याच्या खाली चार-पाच इंच ओटा आला पाहिजे. आईही अजून स्वयंपाक करतात का? मग कमी उंचीचा, बसून भाजी चिरायचा एक तुकडा वेगळा करा.

तर्री_मारके

वास्तूवाला अजून कोणी आला नाही? धागा इतका लांबला आणि आग्नेय दिशा आलीच नाही! काय होऊन राहिलं नागपूरले?

जुनी_इतवारी

नागपूरची खरी वास्तू एकच, पश्चिमेचं ऊन कुठून येते आणि कूलरची हवा कुठून जाते. बाकी गुरुजींना विचारा.

संत्र्याची_साल

सगळ्यांच्या प्रतिसादांवरून आम्ही पाचही जण जेवणाच्या टेबलावर बसलो (गठ्ठा बाजूला ठेवून) आणि यादी केली. पहिल्या पैशात वायरिंग, अर्थिंग, नळाच्या पाइप, वाळवीचं औषध, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. मग खालची न्हाणी, बाहेर उघडणारं दार, आईची खोली शेजारीच. मागची मोरी. स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकी, त्यासाठी वरती लिंटेल (आडवा बीम) टाकून, ओळंबाभाऊंच्या सल्ल्याने इंजिनीअरला दाखवूनच. आई-बाबांच्या खोलीत एसी, दिवाणखान्यात कूलर आणि त्याच्या खिडकीला कब्ज्याची दारं. टेबल वरच्या मजल्यावर नाही, खालीच, दिवाणखान्याच्या पूर्वेच्या खिडकीशी. मुलीच्या खोलीला कडी. फॉल्स सीलिंग रद्द, तिथे बरेच पैसे वाचले.

एकच भांडण शिल्लक आहे. माझं ऑफिसचं काम कुठे? बाबा म्हणतात, गच्चीवरच्या खोलीत. मेमध्ये?

एमसीबी_पडली

तिथे एसीचा पॉइंट आत्ताच टाकून ठेवा, मशीन पुढच्या वर्षी घ्या. इनव्हर्टरची वेगळी लाइनही टाका, नाहीतर मीटिंगमध्ये लाइट गेली की बाबाच म्हणतील, खाली ये.

गच्चीवर सोलर घ्यायचं असेल तर तेही बघा, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, महावितरणकडे नेट मीटरिंग होतं, म्हणजे जास्तीची वीज बिलातून वळती होते. पॅनेल नेमके तुमच्या ऑफिसच्या स्लॅबवर आले तर सावलीही मिळते. पण वाळवणाला जागा उरते का ते आईंना विचारा, कुरडया आणि मूगवड्यांशी पंगा नको.

शेवंती

वाळवणाचा मुद्दा आणल्याबद्दल धन्यवाद, मी लिहिणारच होते!

गुण्या_ओळंबा

शेवटचं, व्यवहाराचं. ठेकेदाराला पैसे कामाच्या टप्प्यावर द्या, तारखेवर नाही. दर लिहून घ्या, मजुरी वेगळी, माल वेगळा. आणि मलबा कोण उचलणार हे आधी ठरवा. घरासमोर रस्त्यावर टाकला की मनपाचं उपद्रव शोध पथक दंड ठोकते, आणि पावती घरमालकाच्या नावाने फाटते. तेवढ्यात ठेकेदार "ते माझ्यात नव्हतं साहेब" म्हणून मोकळा होतो.

संत्र्याची_साल

मलब्याचं खरंच डोक्यात नव्हतं. करारात टाकतो. इंजिनीअर शनिवारी येतोय, भिंतीचं काय म्हणतो ते इथे लिहीन.